नेट स्पीडची एककं आणि त्यांचं रूपांतर

नेटवर्कवरून एका सेकंदात किती डेटा जातो हे सांगणारी एककं एकमेकांत बदलणं म्हणजे नेट स्पीडचं रूपांतर. यातलं गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पुढं जात नाही, तरी सांगली-मिरजेत घरोघरी फायबर आल्यापासून सगळ्यात जास्त गैरसमज याच गोष्टीवरून होतात. ग्राहक म्हणतो शंभर एमबीचा प्लॅन घेतलाय आणि डाउनलोड अकराच्या वर जात नाही, केबलवाला म्हणतो स्पीड टेस्ट लावून बघा पूर्ण शंभर येतायत, आणि बऱ्याचदा दोघांचंही बरोबर असतं कारण प्लॅन विकला जातो बिटमध्ये आणि डाउनलोड दिसतं बाइटमध्ये.

बिट म्हणजे ० किंवा १, डेटाचा सगळ्यात लहान तुकडा. हा शब्द गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या शोधनिबंधातून सगळीकडं गेला आणि त्यांनी स्वतः त्याचं श्रेय त्यांचे सहकारी जॉन टुकी यांना दिलंय. बाइट हा शब्द १९५६ मध्ये आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीतल्या वर्नर बुखहोल्झ यांनी काढला. आज ८ बिटचा १ बाइट धरतात. लिहिताना बिटला इंग्रजी छोटं बी आणि बाइटला मोठं बी असा नियम आहे पण जाहिरातीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या रेटकार्डात तो कोण पाळत नाही आणि बोलताना तर दोन्हीला एमबीच म्हणतात, त्यामुळं आकडा कुठं दिसतोय हे बघायचं. प्लॅन, राउटर आणि स्पीड टेस्टचा आकडा बिटचा असतो, म्हणजे एमबीपीएस, सेकंदाला किती मेगाबिट (१० लाख बिट) ते. ब्राउझरचं डाउनलोड, फाइल कॉपी, टोरंट इथला आकडा बहुतेक वेळा बाइटचा.

मग एमबीपीएसला ८ ने भागलं की सेकंदाला किती एमबी, म्हणजे मेगाबाइट, ते मिळतं. ४० चे ५, १०० चे साडेबारा, ३०० चे साडेसदतीस, आणि १ जीबीपीएस म्हणजे १००० एमबीपीएस, त्याचे १२५. उलटं जायचं असलं तर ८ ने गुणायचं.

पण साडेबारा कधी दिसत नाहीत, कारण वायरवरून नुसती तुमची फाइल जात नाही. इथरनेट म्हणजे वायरच्या नेटवर्कमध्ये डेटा पाकिटं करून जातो, त्याला फ्रेम म्हणतात, आणि एका पूर्ण फ्रेमला वायरवर १५३८ बाइटची जागा लागते, त्यात पत्ते, तपासणीचे बाइट, दोन फ्रेममधली मोकळी जागा असं सगळं धरून खरा माल १४६० बाइटच असतो, म्हणजे साधारण ९५ टक्के. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर सगळं व्यवस्थित असताना सेकंदाला ११.९ एमबीच्या आसपास मिळतं. आपल्या भागात उसाचा उतारा साधारण अकरा-बारा टक्के असतो, नेटचा उतारा पण तेवढाच, म्हणजे एमबीपीएसच्या आकड्याच्या अकरा-बारा टक्के एमबी, धरला तर कॅल्क्युलेटर काढायची गरज पडत नाही. वायफायवर यापेक्षा कमी मिळतं, भिंती आणि अंतर बघून.

दुसरा घोळ हजाराचा. नेटवर्कमध्ये किलो म्हणजे १०००, मेगा म्हणजे १० लाख, यात कधी बदल नाही. कॉम्प्युटरच्या मेमरीत मात्र १०२४ चा हिशोब चालत आला आणि विंडोज अजून फाइलची साइज १०२४ नेच मोजतं पण नाव जीबीच लिहितं. हा घोळ मिटवायला आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९८ मध्ये १०२४ साठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं ठरवली, ती चांगली आहेत आणि वापरायला पाहिजेत असं माझं मत आहे, पण दुकानात ती अजून पोचली नाहीत. अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरनं २००९ पासून १००० चा हिशोब धरला.

याचा फरक किती पडतो ते बघा. सांगलीतल्या फोटोग्राफरला लग्नाचं शूटिंग पुण्याच्या एडिटरला पाठवायचंय, विंडोजवर फोल्डर ४० जीबी दिसतंय आणि अपलोड स्पीड १०० एमबीपीएस आहे. सरळ हिशोब केला तर ४० गुणिले ८ म्हणजे ३२० जीबिट, म्हणजे ३,२०,००० एमबिट, भागिले १००, ३२०० सेकंद, ५३ मिनिटं. पण विंडोजचे ४० म्हणजे खरे ४२.९५ जीबी, त्याची ५७ मिनिटं होतात आणि वरचा ९५ टक्के खऱ्या मालाचा हिशोब लावला की पूर्ण एक तास. स्वस्त प्लॅनमध्ये अपलोडचा स्पीड डाउनलोडपेक्षा कमी असू शकतो, २० एमबीपीएस असला तर हेच काम पाच तासांवर जातं, तेव्हा प्लॅन घेताना अपलोड किती हे आधी विचारून घ्यावं.

सीसीटीव्हीत हे रूपांतर उलट्या बाजूनं लागतं. १ एमबीपीएस दिवसभर चालू राहिलं तर ८६,४०० सेकंदात १०.८ जीबी होतात, हा आकडा पाठ करण्यासारखा आहे. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर आठ कॅमेरे आहेत आणि सेटिंगमध्ये प्रत्येकाला २०४८ केबीपीएस ठेवलंय म्हणजे साधारण २ एमबीपीएस, तर आठाचे १६, दिवसाला १७३ जीबीच्या आसपास. १ टीबीची म्हणजे १००० जीबीची हार्डडिस्क सहा दिवसाच्या आत भरते आणि जुनं रेकॉर्डिंग पुसायला लागते. महिनाभराचं फुटेज पाहिजे असेल तर ६ टीबीची डिस्क घ्यावी लागेल किंवा कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे सेटिंगमधला तो केबीपीएसचा आकडा, कमी करावा लागेल.

जुन्या लाइनीत ६४ केबीपीएस हा आकडा सारखा भेटतो. फोनवरचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजून दरवेळी ८ बिट घेतले की ६४,००० बिट होतात, त्यातून तो आला. अशा ३२ वाटा एकत्र केल्या की २.०४८ एमबीपीएस, हीच बँकांची ‘टू एमबी लीज लाइन’, म्हणजे भाड्यानं घेतलेली स्वतंत्र लाइन. भारतात २००४ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ केबीपीएस होती म्हणजे सेकंदाला ३२ केबी, २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस झाली म्हणजे २५० केबी.

महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असलेल्या ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही हाच हिशोब लागतो. १०० एमबीपीएस पूर्ण जोरात चालवलं तर ती मर्यादा ७३ तासात संपते, पण महिनाभर सरासरी १० एमबीपीएस वापर असला तर शेवटच्या दिवसापर्यंत पुरते.