मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस : वास्तूची पार्श्वभूमी

चर्नी रोड स्थानकालगत, गिरगावच्या सीमेवर उभे असलेले रॉयल ऑपेरा हाऊस ज्या कलाप्रकारासाठी (ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य गायननाट्य) बांधले गेले, तो तेथे फार काळ टिकला नाही. वास्तूचा पुढचा इतिहास मुख्यतः नाटकाचा आणि चित्रपटाचा आहे, आणि इमारतीत वेळोवेळी झालेले फेरफार समजून घ्यायचे तर हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

या नाट्यगृहाची कल्पना 1908 च्या सुमारास पुढे आली. कोलकात्यात बस्तान असलेले आणि पूर्वेकडील शहरांतून युरोपीय नाटक कंपन्यांचे दौरे काढणारे मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या व्यापारातील पारशी गृहस्थ जहांगीर फ्रामजी काराका या दोघांनी ती उचलून धरली. 1911 च्या डिसेंबरात दिल्ली दरबारासाठी भारतात आलेल्या पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन उरकले, तेव्हा इमारत अपुरीच होती. काम पुढे काही वर्षे चालू राहिले. बँडमन यांच्या कंपन्यांचा भर गंभीर ऑपेरापेक्षा हलक्याफुलक्या संगीतिकांवर असे. तेव्हा नावातला ऑपेरा हा प्रथमपासूनच थोडा प्रतिष्ठेपुरता होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

वास्तूची शैली मात्र त्या प्रतिष्ठेला साजेशी होती. युरोपीय बरोक शैलीचा भरगच्च अलंकार, दर्शनी भागावरील स्तंभ व शिल्पांकित त्रिकोणी शिरोभाग, आत सोनेरी नक्षी, खाशा प्रेक्षकांसाठी बॉक्स म्हणजे बैठकीच्या वेगळ्या छोट्या खोल्या, एकावर एक सज्जे आणि रंगमंचापुढे वाद्यवृंदासाठी राखलेली जागा अशी तिची रचना होती. छताच्या घुमटाचे आठ भाग कवी आणि नाटककारांच्या स्मरणार्थ सजवलेले आहेत. दालनातील मोठी झुंबरे ससून घराण्याच्या भायखळ्यातील ‘सान सूसी’ या प्रासादातून आली. छताची घडण केवळ शोभेची नव्हती. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात वरच्या सज्जात बसलेल्यालाही संवाद स्पष्ट ऐकू यावा, हा तिच्यामागचा हेतू होता.

गळ्याच्या बळावर उभ्या असलेल्या मराठी संगीत रंगभूमीला असे सभागृह मानवणारेच होते. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी हा रंगमंच गाजवला. पृथ्वीराज कपूर यांच्या 1944 साली स्थापन झालेल्या ‘पृथ्वी थिएटर्स’चे प्रयोगही येथे होत. प्रयोग संपला की ते स्वतः झोळी पसरून दाराशी उभे राहत आणि बाहेर पडणारे प्रेक्षक तीत यथाशक्ती पैसे टाकत.

दरम्यान 1931 मध्ये गिरगावातीलच मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि बोलपटांचा जमाना सुरू झाला. ऑपेरा हाऊसही तिसाच्या दशकात प्रामुख्याने चित्रपटगृह बनले. बाजूच्या बॉक्समधून रंगमंच तिरका पाहता येतो, पडदा नव्हे. त्यामुळे हे बॉक्स काढले गेले, आणि मूळ अलंकरणावर नव्या धर्तीची सजावट व रंगाचे थर चढले. 1952 मध्ये गोंडल संस्थानच्या महाराजांनी वास्तू विकत घेतली. पुढे एकपडदा चित्रपटगृहांचे दिवस पालटले, उत्पन्न आटले आणि नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी दारे बंद झाली. वापराविना उभी राहिलेली इमारत झपाट्याने खालावली. 2012 च्या सुमारास ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेच्या धोक्यातील स्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला.

जतनाचे काम वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे होते. त्यांच्यापुढचा प्रश्न नाजूक होता, कारण चित्रपटगृहाच्या काळातील फेरफारसुद्धा तोवर इतिहासच झाले होते. अखेर कौल मूळ नाट्यगृहाच्या बाजूने पडला. रंगाचे थर खरवडून खालच्या मूळ छटा शोधल्या गेल्या, आणि नाहीशा झालेल्या बॉक्सची पुनर्रचना जुन्या छायाचित्रांच्या आधारे करण्यात आली. नव्या अवशेषावर जुन्याची अशी सरशी करणे सर्वांना पटेलच असे नाही. तथापि येथे रंगमंच पुन्हा चालता करायचा होता, त्यामुळे हा निर्णय योग्य वाटतो.

ऑक्टोबर 2016 मध्ये मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो (स्त्रियांच्या सर्वांत उंच स्वरपट्टीतील) गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गायनाने सभागृह पुन्हा खुले झाले. आसनसंख्या आता सुमारे 575 आहे. 2017 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची गुणवत्ता पुरस्काराने दखल घेतली गेली.