टक्कर झाली, दंड पटला नाही: नागपूरच्या रेसर्स आणि पालकांसाठी दाद मागण्याची पद्धत

शर्यतीत धक्का लागला, समोरचा सुटला आणि दंड आपल्या पोराला बसला, की पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघांच्या तळावर, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मागच्या राउंडला त्यानं हेच केलं तेव्हा पाच सेकंद, अन् आम्हाला दहा?" राग खरा असतो, बरेचदा रास्तही असतो. पण हे वाक्य एकट्यानं कोणत्याही अर्जात टिकत नाही. स्टुअर्डांपुढे, म्हणजे दंडाचा निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे, चालतो तो नियमाचा क्रमांक, वेळेत दिलेला कागद आणि त्या एका टकरीचा पुरावा. दंड अन्यायाचा वाटला तर कोणी, कुठे, किती वेळात आणि काय घेऊन जायचं, ते इथे सांगतो.

भारतात मोटरस्पोर्टचा कारभार चेन्नईच्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाकडे, म्हणजे एफएमएससीआयकडे आहे. तिच्या वर आंतरराष्ट्रीय संघटना एफआयए. तक्रार, फेरविचार आणि अपील यांचा सांगाडा एफआयएच्या आंतरराष्ट्रीय स्पोर्टिंग कोडमधून येतो: कलम १३, १४ आणि १५. फी किती, कागद कोणाकडे द्यायचा, त्या मालिकेत वेगळी मुदत आहे का, हे त्या त्या स्पर्धेच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समध्ये, म्हणजे नियमपुस्तिकेत असतं. खालच्या मुदती कोडमधल्या आहेत. तुमच्या स्पर्धेच्या पुस्तिकेत वेगळं छापलं असेल तर ती पुस्तिका हातात धरूनच बोला. सर्किट रेसिंगसाठी नागपूरकराला बहुतेक वेळा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई नाही तर कोइम्बतूरचं करी स्पीडवे गाठावं लागतं. पुस्तिका मोबाइलवर उतरवून घ्या आणि एक प्रत छापूनही ठेवा. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसमध्ये बल्लारशाहच्या पुढे वाचायला वेळच वेळ असतो, पॅडॉकमध्ये नसतो.

तक्रार करायचा अधिकार कोणाचा

इथे बरेच जण पहिल्याच पायरीवर अडखळतात. कोडप्रमाणे तक्रारीचा हक्क फक्त 'काँपिटिटर'चा, म्हणजे ज्याच्या नावानं प्रवेशिका भरली आहे त्याचा. चालक आणि काँपिटिटर एकच असेल तर प्रश्न नाही. संघाच्या नावानं प्रवेशिका असेल तर सही संघाच्या अधिकृत प्रतिनिधीची लागते, गाडी चालवणाऱ्या मुलाची नाही. कार्टिंगमधल्या अल्पवयीन मुलांच्या बाबतीत प्रवेशिकेवर कोणाचं नाव आहे, वडिलांचं, आईचं की संघाचं, हे घरातून निघतानाच पाहून ठेवा. काका, मेकॅनिक, कोच असे चौघं मिळून स्टुअर्डांच्या दारात उभे राहिले तर त्यातला एकही पात्र नसू शकतो.

दोन-तीन पालकांनी मिळून एकच तक्रार द्यायची, हेही चालत नाही. सामूहिक तक्रार कोडला मान्य नाही. उलट एकाच टकरीत दोघांविरुद्ध बोलायचं असेल तर दोन स्वतंत्र तक्रारी आणि दोन फी.

सोबत काय हवं

चालकाचं चालू वर्षाचं स्पर्धा लायसन्स आणि वेगळं असल्यास काँपिटिटरचं लायसन्स. प्रवेशिकेची पावती. संघाच्या वतीनं जात असाल तर अधिकारपत्र. मूल लहान असेल तर पालकाचं ओळखपत्र आणि संमतिपत्राची प्रत. लायसन्स काढताना वयाचा पुरावा, फोटो, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि रक्तगट दिलेला असतो. त्या फाइलची एक प्रत सोबत ठेवली की कुठेही अडत नाही. रॅलीवाल्यांना आरटीओचा वाहन चालवण्याचा परवाना तसाही लागतोच. याशिवाय फी, आणि ती रोख की ऑनलाइन हे आधी विचारून ठेवलेलं. रविवारी संध्याकाळी ट्रॅकवर एटीएम शोधत फिरण्यात मुदत निघून जाते.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे निर्णयाची प्रत. नोटीस बोर्डवर, हल्ली बरेचदा डिजिटल बोर्डवर, निर्णय लागतो तेव्हा त्यावर वेळ असते. तिचा फोटो काढा. अपिलाच्या तासाची मोजणी त्या वेळेपासून चालते, तुम्हाला कळलं तेव्हापासून नाही.

तुमचं प्रकरण नेमकं कोणतं

समोरच्यानं धडक दिली आणि त्याच्यावर काहीच कारवाई झाली नाही, तर रस्ता तक्रारीचा. शर्यतीतल्या घटनेबद्दल किंवा निकालाबद्दलची तक्रार तात्पुरता निकाल लागल्यापासून ३० मिनिटांत, लेखी, फीसकट. ती क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे शर्यत चालवणारे प्रमुख अधिकारी, किंवा त्यांच्या सहायकाकडे द्यायची. ते दोघंही नसतील तरच थेट स्टुअर्डांकडे.

स्टुअर्डांनी निर्णय दिला आणि दंड तुम्हाला बसला, तर तक्रार हा रस्ताच नाही. तिथे अपील. निर्णय लागल्यापासून एका तासात अपिलाचा इरादा लेखी कळवावा लागतो.

निर्णय झाल्यावर नवा पुरावा हाती आला, तर तिसरा रस्ता फेरविचाराचा. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण सगळ्यांत जास्त आशा आणि सगळ्यांत जास्त गैरसमज तिथेच आहेत.

काही गोष्टींवर दाद नाहीच. ड्राइव्ह-थ्रू (शर्यत चालू असताना पिटलेनमधून जाऊन येणं) आणि स्टॉप-अँड-गो (तिथे ठरलेला वेळ थांबून निघणं) या दंडांविरुद्ध अपील होत नाही. त्या मालिकेच्या नियमांनी इतर कोणते दंड अपिलाबाहेर ठेवले असतील तर तेही तसेच. स्टार्टच्या वेळी गाडी हलली की नाही, रेषा आधी कोणी ओलांडली, यासाठी नेमलेल्या जजच्या निर्णयावर तक्रार घेतली जात नाही.

तक्रार लिहायची कशी

कोडला तीन गोष्टी हव्यात: कोणता नियम मोडला, तुमचं म्हणणं काय, आणि कोणाविरुद्ध. बस. नियम इंग्रजीत आहेत, स्टुअर्ड बहुधा दक्षिणेतले असतात, तेव्हा अर्ज सोप्या इंग्रजीत द्या. मजकूर साधारण असा असावा:

"रेस २, लॅप ६, वळण ४. मी काँपिटिटर, गाडी क्रमांक अमुक. गाडी क्रमांक तमुकनं आतल्या बाजूनं उशिरा ब्रेक लावून माझ्या मागच्या उजव्या चाकाला धडक दिली. त्या वेळी माझी गाडी वळणाच्या मध्यबिंदूवर पोचली होती आणि बाहेरच्या बाजूला एका गाडीची जागा मोकळी होती. स्पर्धा नियम क्रमांक अमुकचा भंग. माझ्या गाडीवरील कॅमेऱ्याचं चित्रण आणि वळण ४ च्या मार्शल पोस्टचा अहवाल पाहावा, ही विनंती."

यात "मुद्दाम", "नेहमीच असं करतो", "सगळ्यांना माहीत आहे" हे शब्द नाहीत, हे लक्षात घ्या. हेतू सिद्ध करायचं ओझं उगाच अंगावर घेऊ नका. तक्रार निराधार ठरली तर फी पूर्ण किंवा काही अंशी जप्त होऊ शकते, आणि खोडसाळपणानं केली असं दिसलं तर दंड तुम्हालाच.

सुनावणीला बोलावलं की जा. गेला नाहीत तरी निर्णय होतो, फक्त तुमच्याशिवाय. मुलाला बोलू द्या. गाडीत तो होता, तुम्ही नव्हता. गिअर कोणता होता, ब्रेक कुठे लावला, आरशात काय दिसलं, हे त्याच्या तोंडून आलं तर वजन पडतं. बाबांनी मध्येच आवाज चढवला की वजन जातं.

स्टुअर्ड काय तोलतात

फॉर्म्युला वनमध्ये वर्षानुवर्षं रुजलेली कसोटी अशी: टकरीला एक चालक पूर्णपणे किंवा प्रामुख्यानं जबाबदार आहे का? असेल तर दंड. नसेल तर ती 'रेसिंग इन्सिडेंट', म्हणजे शर्यतीत घडून गेलेली, दंड नसलेली टक्कर. नुकसान किती झालं हा पहिला प्रश्न नसतो. सिल्व्हरस्टोन २०२१ मध्ये हॅमिल्टनशी टक्कर होऊन व्हर्स्टॅपेन ५१ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट) आघातानं भिंतीवर गेला, दवाखान्यात न्यावा लागला. हॅमिल्टनला दहा सेकंद मिळाले आणि तरीही तो शर्यत जिंकला. अनेकांना ते आजही पटत नाही. पण परिणामावरून दंड ठरवला तर तोच धक्का गवताकडे ढकलला गेला तेव्हा स्वस्त आणि भिंतीकडे ढकलला गेला तेव्हा महाग होईल, आणि ते नशिबाचं गणित झालं. माझं मत स्टुअर्डांच्या बाजूचं आहे.

जून २०२५ मध्ये एफआयएनं फॉर्म्युला वनची चालनविषयक मार्गदर्शक तत्त्वं आणि दंडाचा तक्ता जाहीर केला. आतून ओव्हरटेक करणाऱ्याचं पुढचं अॅक्सल मध्यबिंदूच्या आधी आणि मध्यबिंदूवर समोरच्याच्या आरशापर्यंत तरी आलेलं असावं. बाहेरून जाणाऱ्याचं पुढचं अॅक्सल मध्यबिंदूवर समोरच्याच्या पुढच्या अॅक्सलच्या पुढे असावं. गाडी ताब्यात असावी, मर्यादेत राहून वळण पूर्ण करता यावं. ही तत्त्वं नियम नव्हेत, आणि तुमच्या कार्टिंग राउंडला ती आपोआप लागू होत नाहीत. तरी स्वतःचं चित्रण पाहताना हीच पट्टी लावून बघा. निम्म्या तक्रारी घरच्या घरी मिटतील.

"त्याला पाच, मला दहा"

सातत्याचा मुद्दा खोटा नाही. पॅनेल स्पर्धेगणिक बदलतं, प्रत्येक टकरीत कोन वेगळा, वेग वेगळा. फॉर्म्युला वननं २०१० पासून पॅनेलमध्ये एक माजी चालक बसवला, तक्ते केले, २०१४ पासून पेनल्टी पॉइंट आणले: बारा महिन्यांत बारा गुण झाले की एका शर्यतीची बंदी. २०२४ मध्ये मॉन्झाला केविन मॅग्नुसेनचे बारा भरले आणि बाकूची शर्यत हुकली. गंमत अशी की ज्या टकरीवरून ते शेवटचे गुण लागले, त्यातला दुसरा चालक पिएर गास्ली स्वतःच म्हणाला की दंडाची गरज नव्हती. एवढी यंत्रणा असून वाद संपले नाहीत, तेव्हा तीन-चार स्वयंसेवी अधिकाऱ्यांच्या बळावर चालणाऱ्या राउंडला एकसारखेपणा गणितासारखा येणार नाही.

म्हणून जुना निर्णय अर्जात मुख्य कारण म्हणून कधीच घालू नका. आधी आपली टक्कर तिच्या गुणावर मांडा. मग शेवटी एक ओळ: याच मालिकेत, याच नियमाखाली, अमुक तारखेच्या निर्णय क्रमांक अमुकमध्ये वेगळा दंड दिला गेला, फरकाचं कारण नोंदवावं. स्टुअर्ड त्या निर्णयाला बांधील नाहीत. पण कारण लेखी आलं की पुढे अपिलात तेच उपयोगी पडतं. जुन्या निर्णयाची प्रत नसेल, फक्त आठवण असेल, तर ती ओळही गाळा.

फेरविचार: 'नवं' म्हणजे काय

कलम १४ खाली महत्त्वाचा, संबंधित आणि निर्णयाच्या वेळी तुम्हाला उपलब्ध नसलेला नवा घटक हवा. सध्याच्या कोडमध्ये त्यासाठी स्पर्धा संपल्यापासून ९६ तास आहेत. असा घटक आहे की नाही हे आधी ठरतं, आणि त्यावर स्टुअर्डांचा शब्द अखेरचा. तिथेच बहुतेक अर्ज संपतात.

कसे संपतात ते पाहण्यासारखं आहे. सिल्व्हरस्टोननंतर व्हर्स्टॅपेनच्या संघानं, रेड बुलनं, चालक अॅलेक्स अल्बनला त्याच ट्रॅकवर जुनी गाडी चालवायला लावून हॅमिल्टनची लाइन पुन्हा आखून दाखवली. स्टुअर्ड म्हणाले, हा पुरावा सापडलेला नाही, तयार केलेला आहे. अर्ज फेटाळला. त्याच वर्षी ब्राझीलनंतर हॅमिल्टनच्या तेव्हाच्या संघानं, मर्सिडीजनं, व्हर्स्टॅपेनच्या गाडीवरचं पुढचं चित्रण आणलं. ते नवं ठरलं, संबंधित ठरलं, पण महत्त्वाचं ठरलं नाही. २०१९ मध्ये कॅनडात फेरारीच्या फेटेलला पाच सेकंद बसले आणि जिंकलेली शर्यत गेली, तेव्हा फेरारीच्या पुराव्यांत चेन्नईच्या आपल्या करुण चंढोकनं टीव्हीसाठी केलेलं विश्लेषण होतं. ते एका त्रयस्थाचं वैयक्तिक मत म्हणून बाजूला ठेवलं गेलं. ऑस्टिन २०२४ नंतर मॅक्लारेनचं म्हणणं होतं की त्यांचा चालक नॉरिसच्या दंडाच्या निर्णयातच चूक आहे. तेही चाललं नाही: निर्णय चुकला असं वाटणं हा नवा घटक नाही.

आणि मग झँडवूर्ट २०२५. विल्यम्सचा साइंझ आणि लॉसन यांची टक्कर, साइंझला दहा सेकंद आणि दोन पेनल्टी पॉइंट. विल्यम्सनं शर्यतीच्या वेळी न मिळालेलं कॅमेऱ्याचं चित्रण दिलं. या वेळी अर्ज मान्य झाला, दोघांपैकी कोणीच प्रामुख्यानं जबाबदार नाही असं ठरलं आणि गुण मागे घेतले. शर्यतीत भोगलेले दहा सेकंद मात्र परत देता येत नव्हते.

नागपूरच्या पालकांसाठी यातून निघणारं काम साधं आहे. इंस्टाग्रामवर कोणा ओळखीच्या रेसरनं "दंड चुकीचा" म्हटलं, त्याचा स्क्रीनशॉट नेऊ नका. मागून येणाऱ्या कार्टवर कॅमेरा होता का, हे त्याच संध्याकाळी, सगळे ट्रेलर लादत असतानाच विचारा. स्वतःचं मेमरी कार्ड मात्र सुनावणीच्या वेळीच सादर करा. खिशात राहिलेलं चित्रण नंतर 'उपलब्ध नव्हतं' असं म्हणता येत नाही.

अपील

एका तासातल्या इराद्याच्या पत्रानंतर ९६ तासांत रीतसर अपील दाखल करायचं, ते राष्ट्रीय अपील न्यायालयाकडे. अर्जासोबत निर्णयाची प्रत, इराद्याच्या पत्राची पोच, फीची पावती, पुरावे आणि साक्षीदारांची यादी. शक्य असेल तर खेळाचे नियम माहीत असलेला वकील घ्या. सिव्हिल लाइन्समधला चांगला वकीलही कोड पहिल्यांदा वाचत असेल तर दोन दिवस त्यातच जातात.

ट्रॅकवर रागाच्या भरात इराद्याचं पत्र देणारे पुष्कळ असतात. ते देण्याआधी फीचा आकडा पाहा: पत्र दिल्याक्षणी अपिलाची फी देय होते, आणि नागपूरला परतल्यावर तुम्ही अपील पुढे नेलं नाही तरी ती भरावीच लागते.