कर्दळ : फुलाच्या आधी कंद

न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे कर्दळ लावायची, ही कोकणातली जुनी रीत. पाणीही जिरतं आणि लाल-पिवळ्या फुलांनी परसही भरतं. पण याच झाडाचा कंद कुणाचं तरी हजारो वर्षांचं अन्न आहे, हे आपल्याला फारसं कुणी सांगितलं नाही.

कर्दळ मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरांत तिला 'अचिरा' म्हणतात. पेरू देशाच्या कोरड्या किनाऱ्यावरच्या उत्खननांत तिचे चार हजार वर्षांहून जुने अवशेष मिळाले आहेत. तिथल्याच कुस्को शहरात कॉर्पस क्रिस्तीच्या ख्रिस्ती सणाला भाजलेले कंद आजही खातात. कोलंबियात कंदाच्या पिठाची बिस्किटं होतात, तर व्हिएतनाममध्ये पारदर्शक शेवया. या पिठाचे कण इतके मोठे असतात की नुसत्या डोळ्यांनाही चमकताना दिसतात.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये तिला 'कॅना इंडिका' म्हटलं. नावात 'इंडिका' असलं तरी ती मूळची आपली नव्हे. पण ती इथे लवकरच पोचली. मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाच्या १६९२ च्या खंडात ती 'कट्टु बाला', म्हणजे रानकेळ, या नावाने आहे. आपणही तेच केलं. जुन्या मराठीत कर्दळी म्हणजे केळ, कर्दळीवन म्हणजे केळीचं बन. पानं सारखी दिसली म्हणून केळीचं नाव या परदेशी झाडाला मिळालं. आपलंसं करण्याची ही रीत मला फार आवडते.

फुलाकडे लक्ष गेलं ते १९व्या शतकात. १८४०च्या दशकात फ्रान्समध्ये तेओदोर आने यांनी संकर सुरू केले, पुढे लियाँच्या क्रोझी यांनी फुलं आणखी मोठी केली. आपल्या बागांतल्या भपकेदार कर्दळी त्या संकरांच्या वंशातल्या. फूल हातात घेऊन पाहा: आपण ज्यांना पाकळ्या समजतो ते रंगीत पापुद्रे म्हणजे रूप बदललेले पुंकेसर. खऱ्या पाकळ्या खाली, अरुंद आणि टोकदार. पराग धरतो तो एकाच पुंकेसराचा अर्धा भाग.

कंद खायचा असेल तर साधी, संकर नसलेली जात लावा, आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला मात्र कधीच खाऊ नका. चांगल्या मातीत, शेणखत घालून वाढवा. काढल्यावर भरपूर वेळ उकडा. जून कंद चिवट असतो, पण त्याचं पीठ छान निघतं.