सातऱ्यावरची आग

भिवापूर-कुहीकडच्या रस्त्यानं जाताना मिरचीचा सातरा, म्हणजे मिरच्यांचे देठ खुडायची जागा, डोळ्यांआधी नाकाला कळतो. लाल ढिगाभोवती तोंडाला पदर गुंडाळून बाया देठ खुडत असतात. घरी गेल्यावर हातांची भगभग रात्रभर झोपू देत नाही. एक मावशी म्हणाल्या, "हात चुलीत घातल्यावानी वाटते, पण फोड काही येत नाही."

मावशींनी नेमकं तेच हेरलं. हात भाजलेलाच नसतो. आपल्या वेदनातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसला ते उघडतं आणि मेंदूकडे 'पोळलं' असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच प्रथिनाला चिकटून थंड हातातही ते उघडतं. मेंदू बिचारा फसतो. सावजी रस्सा ओरपताना कपाळाला घाम फुटतो तो यामुळेच. नसलेली उष्णता घालवायला शरीर धडपडत असतं. (मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ ओलांडतो, तेव्हा मात्र हाच घाम शरीराला खरोखर वाचवतो.)

म्हणजे तिखट ही चवच नव्हे! षड्रसांच्या पंगतीत आपण तिला बसवलं खरं, पण चव असती तर बोटांना कशी लागली असती?

१९१२ मध्ये अमेरिकी औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिलनं तिखटपणा मोजला तो माणसांच्या जिभांवरच. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करायचा, की आग लागेनाशी व्हावी. टीआरपीव्ही-१ हे प्रथिन सापडायला मात्र १९९७ उजाडलं. ते शोधणाऱ्या गटाचे प्रमुख, अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना त्या कामासाठी २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हाताला आधी तेल चोळावं, मग साबण लावावा. तोंड पोळलं तर पाण्यापेक्षा दूध बरं. गंमत म्हणजे नागिणीनंतर मागे राहणाऱ्या ठणक्यावर डॉक्टर याच कॅप्सेसिनची पट्टी लावतात. जास्त मात्रेनं तिथले तंतू काही काळ बधिर होतात.

मिरचीनं हा उपद्व्याप मांडला कशाला? सस्तन प्राण्यांच्या दाढांखाली तिचं बी भरडलं जातं. पाखरांना दाढा नाहीत, बी त्यांच्या पोटातून साबूत बाहेर पडतं. आणि पाखरांचं हे प्रथिन कॅप्सेसिनला दादच देत नाही. पोपट मिरची खुशाल खातो. बांधावर कुणी न लावलेलं मिरचीचं झाड दिसलं, तर ते बहुधा एखाद्या पाखरानंच पेरलेलं असतं.