पणजीचे पाणी आणि तीन क्लाउड

पणजीत मळा भागात किंवा सांतिनेझच्या बाजूने पाणी तुंबले की कारण ठरलेले असते: पाऊस जोराचा होता आणि नेमकी त्याच वेळी मांडवीला भरती होती. कारण खोटे नाही. भरतीत नदीची पातळी चढलेली असते, मग शहराच्या नाल्यांतले पाणी तिच्यात उतरत नाही. पण गेल्या २० वर्षांत असे कितीदा झाले, किती पावसाला शहर भरतीविनाही बुडाले, सत्तरी तालुक्यात अंजुणे धरणाचे दरवाजे उघडल्याचा परिणाम थेट पणजीपर्यंत पोहोचतो का, असे कोणी विचारले तर? उत्तरासाठी पाऊस, भरती, धरणाचा विसर्ग आणि हवामान रडार या चार नोंदी एकमेकींशेजारी मांडाव्या लागतील.

समजा, या नोंदी वेगवेगळ्या कार्यालयांच्या वेगवेगळ्या वर्षांतल्या निविदांमुळे तीन क्लाउडांवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या तीन कंपन्यांच्या संगणकांवर, विखुरल्या आहेत: काही अ‍ॅमेझॉनवर, काही मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरवर, काही गूगलवर. असे मुद्दाम कोणी ठरवत नाही, ते होऊन बसते. अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवणसेवा २००६ साली सुरू झाली आणि लागेल तेवढी माहिती भाड्याच्या जागेत ठेवणे सोपे झाले. माहिती आधी साच्यात न बसवता मूळ रूपातच साठवायची, या पद्धतीला पेंटाहो या सॉफ्टवेअर कंपनीतल्या जेम्स डिक्सन यांनी २०१० मध्ये ‘डेटा लेक’ हे नाव दिले. आपल्याकडे अशी तीन तळी झाली आहेत आणि प्रश्न विचारायचा आहे तो तिन्हींना मिळून.

सगळे एकाच ठिकाणी ओतावे, हा पहिला विचार. भरतीच्या नोंदीपुरता तो अगदी योग्य आहे. दर मिनिटाला एक आकडा धरला तरी २० वर्षांच्या जेमतेम १ कोटी ५ लाख ओळी होतात. त्या पेनड्राइव्हवरही मावतील. एवढ्यासाठी कोणी मोठी यंत्रणा विकायला आले तर खुशाल परत पाठवावे. रडारचे तसे नाही. पणजीच्या वेधशाळेतले डॉप्लर रडार दर काही मिनिटांनी आकाशाचा फेरा घेते आणि प्रत्येक फेऱ्यात असंख्य बिंदूंची मापे नोंदवते. अशा नोंदी उपग्रहचित्रांसह १०० टेराबाइटपर्यंत गेल्या, तर सेकंदाला १ गिगाबिटच्या जोडणीवरून त्या हलवायला सलग सव्वानऊ दिवस लागतील. शिवाय माहिती क्लाउडमध्ये घालणे फुकट, बाहेर काढणे विकत. इंटरनेटवरून बाहेर नेण्याचा जाहीर दर प्रदेश आणि प्रमाणानुसार बदलतो, पण जीबीमागे साधारण १० अमेरिकी सेंटच्या आसपास असतो. २०२४ मध्ये गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने हे शुल्क माफ केले ते सेवा कायमची सोडून जाणाऱ्यांना. रोज ये-जा करणाऱ्यांना नाही.

म्हणून माहिती जिथे आहे तिथेच ठेवायची आणि प्रश्न तिच्याकडे पाठवायचा, ही दुसरी वाट. ती चालते याचे अर्धे श्रेय फाइलच्या रचनेला आहे. २०१३ मध्ये ट्विटर आणि क्लाउडेराच्या अभियंत्यांनी आणलेल्या पार्के या मुक्त स्वरूपात तक्ता ओळींनी नव्हे, रकान्यांनी साठवला जातो. ओळींचे गट पाडून प्रत्येक गटातल्या रकान्याचा किमान आणि कमाल आकडा फाइलच्या शेवटी लिहिता येतो. वाचणारी यंत्रणा आधी ती शेपटी वाचते. एखाद्या गटातला सर्वांत मोठा पाऊस ४० मिलिमीटर असेल आणि आपण शंभरच्या वरचे दिवस शोधत असू, तर तो गट उघडावाच लागत नाही.

पण एका तक्त्याच्या लाखभर फाइली असल्या, तर त्यांतल्या आजच्या कोणत्या? अशा फाइलींना तक्ता म्हणून वाचणारी जुनी हाइव्ह प्रणाली तक्ता म्हणजे फोल्डर असे मानायची आणि दर वेळी फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागायची. क्लाउडच्या साठवणीत खरे फोल्डर नसतातच, त्यामुळे यादी हळू यायची. एस-थ्रीवर तर डिसेंबर २०२० पर्यंत ती ताजी असेलच याचीही खात्री नव्हती. नेटफ्लिक्समध्ये २०१७च्या सुमारास यावर आइसबर्ग हे तक्त्याचे स्वरूप तयार झाले. पुढे ते मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाचे संस्थेकडे सोपवले गेले. त्याची तऱ्हा आपल्या गोव्यातल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासारखी आहे: जमीन जागची हलत नाही, ती कोणाच्या नावावर आहे ते उतारा सांगतो. कोणत्या फाइली आज तक्त्याचा भाग आहेत हे आइसबर्गची नोंदवही सांगते. नव्या फाइली आल्या की नवी नोंद तयार होते आणि कॅटलॉगमधला, म्हणजे तक्त्यांच्या सूचीतला, बाण एका झटक्यात तिच्याकडे वळतो, त्यामुळे वाचणाऱ्याला अर्धवट बदललेला तक्ता कधी दिसत नाही. नोंदवहीची रीत खुली असल्याने तिन्ही क्लाउडांवरचे तक्ते एकाच कॅटलॉगात मांडता येतात.

प्रश्न घेऊन जाणारी इंजिने वेगळी. फेसबुकमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या प्रेस्टोची ट्रिनो ही शाखा एकाच प्रश्नात अनेक ठिकाणचे तक्ते वाचते. गूगलने २०२० मध्ये जाहीर केलेली बिगक्वेरी ऑम्नी तर आपले गणनयंत्रच अ‍ॅमेझॉनच्या जागेत चालवते. खरी कसोटी लागते दोन क्लाउडांवरचे तक्ते जोडताना. एक लहान असेल तर तो मोठ्याकडे न्यावा. भरतीच्या कोटभर ओळी रडारच्या क्लाउडवर धाडणे काहीच नाही. दोन्ही अवाढव्य असतील तर आधी प्रत्येकाला जागेवरच गाळून, तासागणिक बेरजा करून घ्याव्या लागतात. तेही शक्य नसेल तेव्हा कोणाला तरी हलावेच लागते आणि बिल येतेच. ‘एकसंध’ म्हणून होणाऱ्या जाहिरातींत हा भाग सहसा नसतो.

इथवर सगळे जमले तरी उत्तर साफ चुकू शकते आणि यंत्र त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही, सकाळी साडेआठला संपतो, कारण तेव्हा जागतिक प्रमाणवेळेचे बरोबर ३ वाजलेले असतात. म्हणजे ७ जुलैच्या संध्याकाळी झोडपलेला पाऊस ८ जुलैच्या नावावर लागतो. भरतीची नोंद मात्र मिनिटाची, आणि क्लाउडवर ती बहुधा जागतिक वेळेत. नुसती तारीख तारखेला जुळवली की सातच्या पावसाला आठची भरती चिकटते.

उंचीचे तसेच. भरतीच्या कोष्टकातला शून्य समुद्राच्या जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीला धरलेला असतो, धरणाच्या पातळीचा शून्य सरासरी समुद्रसपाटीला. दोन्ही रकान्यांवर ‘मीटर’ लिहिलेले असले म्हणून वजाबाकी करून चालत नाही. हवामान खात्याच्या नकाशाच्या चौकटींप्रमाणे पाऊस मांडणाऱ्या फाइलींत नोंद नसेल तिथे -९९९ असते. ते न वगळता सरासरी काढली तर ऐन जुलैत पाऊस उणे निघतो. आणि आमच्याकडे पावसाने ‘इंचांची शंभरी’ गाठल्याची बातमी अजून हौसेने छापली जाते. ती शंभरी म्हणजे २५४० मिलिमीटर, हे तक्त्याला कोणीतरी सांगावे लागते. कॅटलॉगमध्ये प्रत्येक रकान्यापुढे एकक, शून्याची पातळी, दिवस कधी सुरू होतो आणि नोंद नसल्याची खूण लिहून ठेवणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि माझ्या मते खर्च करायचा तर आधी ते करणाऱ्या माणसावर करावा.

पणजीच्या प्रश्नात त्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळेल. मांडवीला साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते, म्हणजे पावसाच्या एका दिवसात बहुधा दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होऊन जातात. १५० मिलिमीटर हा दिवसाचा एकच आकडा त्यांतल्या कशावर पडला हे सांगत नाही. जुन्या वर्षांची फक्त दैनिक नोंद असेल तर ती कितीही क्लाउडांवरून गोळा केली तरी या प्रश्नाच्या कामाची नाही. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या दर १५ मिनिटांच्या नोंदी जिथून सुरू होतात, तिथूनच हिशेब मांडावा लागेल.