छताला भोक पाडण्याआधी लाइट हातात घ्या

फॉल्स सीलिंगमध्ये एलईडी कन्सील लाइट बसवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"१२ वॅटच्या लाइटला भोक केवढं पाडू?" हा प्रश्न आम्हाला फोनवर सारखा येतो आणि त्याचं उत्तर आम्ही फोनवर देत नाही. काहींना याचा राग येतो. पण वॅटवरून लाइट वीज किती खातो एवढंच कळतं. वॅट तेच असले तरी दोन कंपन्यांच्या लाइटचा कटआउट, म्हणजे छतात पाडायच्या भोकाचं माप, वेगळा निघतो. लाइट समोर नसताना सांगितलेलं माप म्हणजे अंदाज, आणि अंदाजाने तुमचं छत कापायला आम्ही सांगणार नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बाहेरच्या रिंगचं माप धरल्यामुळे. समजा, खोक्यावर बाहेरचा व्यास १२० मिलिमीटर आणि कटआउट १०५ आहे. भोक १०५ चंच पाडायचं. मग रिंगची साडेसात मिलिमीटरची कड चहूबाजूंनी छताच्या जिप्सम बोर्डाला खालून टेकते आणि स्प्रिंगच्या क्लिपा वरून पकड घेतात. १२० चं भोक पाडलं की टेकायला बोर्डच उरत नाही, लाइट खाली येतो. पुढे जिप्समचा तुकडा, आतून आधाराची पट्टी, जॉइंट टेप, पुट्टी, घासकाम, रंग! एवढं करूनही तिरप्या उजेडात ठिगळ दिसतंच. भोक थोडं लहान पडलं तर मात्र पॉलिश पेपरने लगेच वाढवता येतं.

म्हणून आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक प्रकारच्या लाइटसोबत कटआउटच्या मापाचा पुठ्ठ्याचा गोल मिळतो आणि बिलावरही ते माप लिहिलेलं असतं. होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, नसेल तर आमचा घेऊन जा, काम झालं की आणून द्या.

चॅनेल, म्हणजे बोर्ड ज्यावर स्क्रूने बसवलेला असतो ती पत्र्याची पट्टी, कुठून गेलाय ते चुंबकाने शोधा. बोर्डाच्या स्क्रूंवर तो चिकटतो. चॅनेल आड आला तर लाइट सरकवा, चॅनेल कापू नका. होल सॉ बोर्डापुरताच आत जाऊ द्या, वर वायरी असतात. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच.

जोडणी करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी पाडा. बटण चुकून न्यूट्रलवर घेतलेलं असेल तर ते बंद असतानाही ड्रायव्हरपर्यंत, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या डबीपर्यंत, फेज पोचलेला असतो. वायरिंगची खात्री नसेल तर वायरमनलाच बोलवा. जोड कनेक्टरने करून डबीत बंद करा. आधी लाइट ड्रायव्हरला जोडा, मग वीज सुरू करा. चालू ड्रायव्हरला लाइट जोडला तर करंटच्या धक्क्याने एलईडी जाऊ शकतात. ड्रायव्हर छतावरच्या ग्लासवूलखाली (काचेच्या धाग्यांच्या थराखाली) दाबू नका, उष्णता कोंडून त्यातला कपॅसिटर लवकर जातो. वर्षभरात बंद पडलेले बरेच लाइट आमच्याकडे येतात तेव्हा एलईडी ठीक असतात, ड्रायव्हर गेलेला असतो. अशा वेळी जुना ड्रायव्हर सोबत आणा, त्यावरचे मिलिअँपिअर आणि व्होल्ट पाहूनच नवा देतो.

सीलिंगवाला येण्याआधी लाइट घेऊन ठेवा. जास्त झालेले, न उघडलेले खोके आम्ही परत घेतो.