पुनर्बांधणी (बेसबॉल)

पुनर्बांधणी : हंगाम हातचा गेला असे दिसू लागल्यावर चालू विजयांवर पाणी सोडून पुढचा संघ उभा करण्याची अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमधील रीत. महागडे खेळाडू खेळाडूंच्या अदलाबदलीच्या जुलैअखेरच्या मुदतीपूर्वी विजेतेपदाच्या शर्यतीतील संघांना देऊन मोबदल्यात मायनर लीगमधील (मुख्य संघांखालील दुय्यम लीगमधील) होतकरू खेळाडू घेतात. तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये उतरावे लागत नाही, म्हणूनच हे परवडते.

या रीतीचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. 1914 मध्ये अमेरिकन लीग (दोन प्रमुख लीगपैकी एक) जिंकलेला फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स संघ त्याचे व्यवस्थापक कॉनी मॅक यांनी मोडीत काढला. 1915 मध्ये तो 109 आणि 1916 मध्ये 117 सामने हरला. काही लेखक आरंभ येथे धरतात. परंतु त्यामागे पैशांची ओढाताण आणि प्रतिस्पर्धी फेडरल लीगमुळे चढलेले पगार होते. संघातील खेळाडू एडी कॉलिन्स यांना तर 50,000 डॉलर रोख घेऊन विकले गेले. ब्रँच रिकी यांनी 1920 च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्ससाठी मायनर लीग संघांची साखळी उभारली. खेळाडू घरीच घडवण्याचा मार्ग तिने दाखवला, पण त्यासाठी हरण्याची गरज नव्हती. 1965 मध्ये सुरू झालेल्या ड्राफ्टने (नवोदित खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्याच्या पद्धतीने) तळाच्या संघांना निवडीत अग्रक्रम दिला आणि पराभवाला मोल आले. आरंभ येथे धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र पहिली निवड दोन्ही लीगना आलटून पालटून मिळे. सर्वांत खराब कामगिरीच्या संघाला ती हमखास मिळू लागली 2005 पासून.

ठळक उदाहरण ह्यूस्टन ॲस्ट्रोजचे. 2011 ते 2013 या तीन हंगामांत हा संघ अनुक्रमे 106, 107 आणि 111 सामने हरला. 2013 च्या अखेरीस सलग 15. जुलै 2011 मध्ये दुसऱ्या बेसवरील जेफ केपिंजर यांना सॅन फ्रान्सिस्कोला दिले आणि दुसऱ्याच दिवशी त्या जागी 21 वर्षांचा होझे अल्टुवे उतरला. व्हेनेझुएलाच्या या साडेपाच फुटी मुलाला संघाने 2007 मध्ये अवघ्या 15,000 डॉलरला करारबद्ध केले होते. भरात असलेल्या संघात त्याला इतक्या लवकर संधी मिळणे अवघडच होते. 2012 च्या ड्राफ्टमधील पहिली निवड कार्लोस कोरेया 48 लाख डॉलरवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या ठरीव रकमेपेक्षा बऱ्याच कमी पैशांत, राजी झाला; वाचलेल्या पैशांमुळे 41 व्या क्रमांकावर निवडलेला पिचर (चेंडू फेकणारा) लान्स मॅकलर्स 25 लाखांना मिळाला. हे तिघेही 2017 च्या वर्ल्ड सीरिज (विजेतेपदाची अंतिम मालिका) विजयात होते आणि निर्णायक सातव्या सामन्याची सुरुवात मॅकलर्सनेच केली. त्या हंगामात संघाने प्रतिस्पर्ध्यांच्या, पुढचा चेंडू कसा टाकायचा हे सांगणाऱ्या खुणा कॅमेऱ्याने चोरल्याचे जानेवारी 2020 मध्ये चौकशीतून सिद्ध झाले. तो डाग पुसला गेलेला नाही. शिवाय सगळेच फासे अनुकूल पडले नाहीत : 2013 ची पहिली निवड मार्क अपेल ह्यूस्टनच्या मुख्य संघातून कधीच खेळला नाही, तर 2014 च्या ब्रेडी एकनशी करारच झाला नाही.

शिकागो कब्जनेही 2012 मध्ये 101 पराभव सोसून 2016 मध्ये विजेतेपद मिळवले.

जाणूनबुजून तळ गाठण्याला आळा घालण्यासाठी लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील 2022 च्या करारानुसार ड्राफ्टच्या पहिल्या सहा निवडींसाठी सोडत आली. तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची संधी प्रत्येकी 16.5 टक्के. मोठ्या उत्पन्नाच्या संघांना लागोपाठ दोन वर्षे सोडतीतील निवड मिळत नाही. त्यामुळे 2024 मध्ये 121 सामने हरलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सला 2025 च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर थांबावे लागले.